गळ्यात पडलेली बालवाडी

सोमवार, ४ मार्च

मला रस्ते हवे होते. निवडणुकीत मी गल्लोगल्ली रस्त्यांवरच बोललो. आज नगराध्यक्षांनी खाती वाटली आणि रस्ते गेले वकीलसाहेबांकडे. त्यांच्या दारासमोरचा रस्ता आधीच आरशासारखा आहे. माझ्या वाट्याला आलं बालवाडी समितीचं अध्यक्षपद. नव्या नगरसेवकाच्या गळ्यात असंच काहीतरी मारतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुटल्याच्या आनंदात वाजवल्या, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. वाटलं, पोट धरून हसेल. पण ही भाजी चिरता चिरता थांबली आणि म्हणाली, "बालवाडी? खरंच?"

"हो ना. तिथे करायचं काय असतं? पोरं खेळतात, झोपतात, घरी जातात."

"हो का," ही म्हणाली. हिचा हा 'हो का' मला लग्न झाल्यापासून उमगलेला नाही.

मी रस्त्यांचं पुराण सुरू ठेवलं, तेव्हा म्हणाली, "अहो, जेवताना रोज नगरपालिका नको. लिहून काढत जा, मन मोकळं होईल." म्हणून हा उद्योग.

गुरुवार, ७ मार्च

नगराध्यक्षांनी चहाला बोलावलं. बालवाडीसाठी वरून निधी आला आहे. साहेबांच्या मनात पुलाजवळ नवी इमारत आहे. काचेचा दर्शनी भाग, आत मोठे पडदे, त्यावर आपोआप धडे चालणार. नकाशा सुरेख आहे. मला आवडला.

"फरशी, रंग, नळ, सगळं सामान गावातल्याच दुकानातून घ्यावं, असं माझं मत आहे," असं म्हणून साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. गावात तसलं दुकान एकच आहे. माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं. धाकट्याला सांगितलं तर तो काउंटरवरून उडी मारून आला. "दादा, रस्ते नाही मिळाले ते बरंच झालं की!"

यात वावगं काय? मुलांना इमारत मिळेल, आम्हाला काम मिळेल.

हिला नकाशा दाखवला. छान आहे म्हणाली. हिच्या नखांत माती होती. कुंड्या बदलल्या असाव्यात. कुंड्या मात्र आहेत तिथेच दिसल्या.

मंगळवार, १२ मार्च

आज आमची सध्याची बालवाडी पाहिली. बस डेपोच्या मागचं जुनं गोदाम, वर पत्रा. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, आवाज असा की डेपोतल्या गाड्या थांबाव्यात. त्यांच्या हाताखाली एकच ताई, पंचविशीची, आणि चाळीसेक मुलं. बसायला खुर्ची दिली, ती माझ्या पोटरीएवढी. बसलो, पण उठताना बाईंनी हात दिला.

अभ्यास कुठेच दिसला नाही. कुणी पाणी ओततंय, कुणी चिखल मळतंय. एका कोपऱ्यात पोरांनी दुकान मांडलं होतं. म्हटलं, हा आपला प्रांत. मालकीण होती पाचेक वर्षांची, पुढचे दोन दात नसलेली.

"पाच खडे द्या," मी म्हणालो.

तिनं बोट लावून पाच मोजले, मग हात मागे घेतला. "पिशवी आणलीत का?"

"नाही."

"मग कसे नेणार? रुमालात बांधून देऊ?"

रुमाल पुढे केला. तिनं गाठ मारायला घेतली, सुटली, पुन्हा मारली, पुन्हा सुटली. तोवर मागे आणखी दोन गिऱ्हाइकं आली, तर त्यांना म्हणाली, "थांबा जरा, काकांचं चाललंय." आमच्या दुकानात मोठ्या माणसांना हे सांगून सांगून माझी जीभ झिजली आहे.

बाईंना विचारलं, काय हवं ते सांगा. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "आणखी दोन ताई द्या. आणि पगार असा द्या की त्या टिकतील. छप्पर गळतं, ते नीट करा. संडास एकच आहे, दुसरा बांधा."

"अहो, नवी इमारतच येतेय."

"इमारतीत मुलांशी बोलणार कोण?"

हट्टी बाई आहे. निघताना एका मुलानं विचारलं, "गोष्टीआजी आज का नाही आली?" बाईंनी घाईघाईनं त्याला हात धुवायला पिटाळलं.

शनिवार, १६ मार्च

बालवाडीतली ताई दुकानात खिळे घ्यायला आली होती. ती पुढच्या महिन्यापासून मोबाइलच्या दुकानात लागणार. पगार जवळपास दुप्पट. मी तिचं अभिनंदन केलं. ती हसली, पण खिळ्यांची पुडी काउंटरवरच विसरून गेली. पोरीचं भलं झालं, आणखी काय.

बुधवार, २० मार्च

आज साहेबांनी आम्हा समितीवाल्यांना शेजारच्या शहरातली नवी बालवाडी दाखवायला नेलं. आपली तशीच होणार आहे. जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

इमारत बघून मी खूश झालो. आत एका वर्गात चाळीसेक मुलं, ओळीनं बसलेली, समोर भला मोठा पडदा, त्यावर अंक नाचतायत. पुढे एकच शिक्षिका. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. साहेब माझ्या कानात म्हणाले, "बघा शिस्त."

मी मात्र खाली बघत होतो. फरशी उत्तम होती. सांधे किती बारीक भरलेत ते बघायला मागच्या ओळीपाशी वाकलो, तर एका सांध्यात पाणी साचलेलं दिसलं. वाटलं, नळ फुटला. माग काढत गेलो तर ते एका मुलाच्या खुर्चीखालून आलं होतं. तो पडद्याकडे बघत बसला होता. हलला नाही, रडला नाही. दोन्ही मुठी मांड्यांवर घट्ट. पँट ओली होऊनही बराच वेळ झाला असावा, कारण कडा सुकत आल्या होत्या.

मी हळूच विचारलं, "बाळा, बाईंना सांगितलं नाहीस?"

त्यानं मान हलवली. म्हणाला, "बाई पुढे आहेत."

मी शिक्षिकेला खूण केली. ती धावत आली आणि तिचा चेहरा एकदम उतरला. माझ्या मुलीच्या वयाची असेल. "याला बदलायला न्यायला हवं, पण मी गेले तर इकडे..." असं म्हणून ती थांबली. मी म्हटलं, "तुम्ही जा, मी बघतो."

मी बघतो! ती बाहेर पडली आणि दोन मिनिटांत पुढची ओळ मागे आली, मागची टेबलाखाली गेली. एकानं दुसऱ्याचा डबा पळवला, त्यानं त्याचे केस धरले. एक पोरगी माझ्या पायाला मिठी मारून आईच्या नावानं रडत होती. पडद्यावर अंक नाचतच होते. दुकानात चार-चार ट्रक माल एकावेळी उतरवून घेतलाय, पण आज माझी बोबडी वळली. साहेब दाराशी फोनवर बोलत होते.

शिक्षिका परत आली तेव्हा तिनं माझी माफी मागितली. तिनं का मागावी?

परतीच्या गाडीत मी विषय काढला. साहेब म्हणाले, "लहान मुलं म्हटल्यावर व्हायचंच." खरं आहे. व्हायचंच. पण तो सांगू शकला नाही, त्याचं काय?

गुरुवार, २१ मार्च

दुकानात लक्ष लागलं नाही. गिऱ्हाइकानं बिजागरी मागितली, मी कडी दिली. धाकटा म्हणाला, "दादा, बरं नाही का?"

हिला कालचं सगळं सांगितलं. नगरपालिकेचा विषय असून हिनं अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "त्याला कोरडे कपडे मिळाले ना?"

सोमवार, २५ मार्च

पुन्हा गोदामात गेलो. या वेळी न बोलता कोपऱ्यात बसून राहिलो. ताईचे शेवटचे दिवस चालले आहेत. मुलं तिला 'नवीन ताई' म्हणतात.

"नवीन कसली? ही तर दीड वर्ष इथे आहे," मी बाईंना म्हणालो.

"तिच्या आधीच्या तिघी टिकल्या नाहीत. मुलांनी नावं पाठ करायचं सोडून दिलंय. येईल ती नवीन ताई."

हे बाईंनी गाऱ्हाणं म्हणून सांगितलं नाही. पाण्याची टाकी किती भरली हे सांगावं, तसं सांगितलं. पण मी मात्र परवा त्या पोरीचं अभिनंदन करून बसलो होतो.

संध्याकाळी नकाशा पुन्हा उघडला. काच मोजली, फरशी मोजली. माणसांसाठी त्यात एक रुपया धरलेला नाही.

गुरुवार, २८ मार्च

आज घरात आणि दुकानात दोन्हीकडे वादळ.

मी धाकट्याला सांगितलं की इमारतीला विरोध करायचा विचार आहे. आधी ताई, पगार, छप्पर, संडास. इमारत मागाहून.

"दादा, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? आपल्या ताटातलं आपणच शेजाऱ्याला वाढायचं?"

"ताट मुलांचं आहे."

"मुलं मतं देतात का?"

तो शटर अर्धं ओढून निघून गेला. तो आधी घरी गेलेला मला आवडत नाही. शटर मला एकट्याला ओढवत नाही.

दुपारी घरी आलो तर ही नाही. शेजारीण म्हणाली, "गुरुवारी त्या बालवाडीत असतात ना." मी तसाच गोदामाकडे गेलो. आत ही मांडी घालून बसलेली, भोवती पोरांचा गराडा, हाताला कोपरापर्यंत चिखल. वाघाचा आवाज काढत होती. इतक्या वर्षांत हिच्या तोंडून वाघ मी पहिल्यांदाच ऐकला. मला बघून वाघ गप्प झाला.

"कधीपासून?" मी वाटेत विचारलं.

"मागच्या हिवाळ्यापासून. मोठ्या बाई आणि मी एकाच शाळेत शिकलो. एकदा भेटायला गेले आणि तिथलीच झाले."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही गावभर सांगत होता, आधी रस्ते, बाकी सगळं मागाहून. म्हटलं, बोलू दे. आणि तुम्हाला समिती मिळाली तेव्हा वाटलं, आता तुमचं तुम्हाला दिसू दे. मी सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी केलं असतं."

मला राग यायला हवा होता. पण मला हसूच यायला लागलं. भर रस्त्यात खड्ड्यापाशी उभे राहून आम्ही दोघंही हसलो. माझ्याच वॉर्डातला खड्डा.

बुधवार, ३ एप्रिल

सभेत माझं पहिलं भाषण. सपशेल आपटलो. आठवडाभर आकडे जमवले होते. दर ताईमागे किती मुलं, कुठल्या गावात किती खर्च, लहानपणी पाया पक्का झाला तर पुढे काय फायदा होतो. मी वाचत गेलो आणि लोक चहा पीत गेले. वकीलसाहेबांचा डोळा लागला. साहेब गोड हसून म्हणाले, "अध्यक्ष नवे आहेत, उत्साह दांडगा आहे. पुढच्या सभेत मतदान घेऊ."

बाहेर जिन्यात नर्सबाई भेटल्या. त्या दवाखान्यात काम करतात, नगरसेवक म्हणून तिसऱ्यांदा निवडून आल्यात. मी त्यांना त्या ओल्या पँटच्या मुलाचं सांगितलं. त्या पायरीवरच थांबल्या.

"हे आत का नाही सांगितलंत?"

"ते काय भाषणात सांगायचं असतं?"

"मग कुठे सांगायचं असतं?" मग म्हणाल्या, "आणि नुसतं सांगू नका. माणसांना तिथे न्या."

मंगळवार, ९ एप्रिल

सगळ्या नगरसेवकांना सकाळी बालवाडीत बोलावलं होतं. चौघंच आले. साहेबांनी निरोप पाठवला, गडबडीत आहे.

मोठ्या बाईंनी कुणालाही भाषण दिलं नाही. प्रत्येकाला काम दिलं. नर्सबाई हात धुवायच्या रांगेपाशी. बेकरीवाल्याकडे खाऊ वाटणं. वकीलसाहेबांच्या मांडीवर एक मुलगी स्वतःहूनच येऊन बसली आणि म्हणाली, "बूट घाल." वकीलसाहेबांनी डावा बूट उजव्या पायात घातला. तिनं काढला. "हा नाही. बघ, याची बकल आतल्या बाजूला येतेय." त्यांनी उजवा घातला. "आता तू मोकळा हो, दुसरा मी घालते." तिला तो घालायला इतका वेळ लागला की माझा हात दोनदा मदतीला पुढे गेला. बाईंनी डोळ्यांनीच दटावलं. बूट चढला तेव्हा वकीलसाहेबांनी जोरात टाळी वाजवली. सभेत त्यांना मी टाळी वाजवताना पाहिलंय, पण अशी नाही.

ताई गेल्या आठवड्यात गेली. बाई एकट्याच होत्या. आम्ही निघायला लागलो तेव्हा बेकरीवाला दाराशी घुटमळला. "आता या एकट्या कशा करणार?" मग तो परत आत गेला. त्याची भट्टी दुपारपर्यंत बंद होती, असं नंतर कळलं.

रविवार, १४ एप्रिल

साहेब घरी आले. बसले, चहा घेतला, हिची चौकशी केली. म्हणाले, "तुमचं नुकसान होतंय म्हणून सांगतो. लोक काय म्हणतील? दिसेल असं काहीतरी करावं लागतं हो. दोन ताया नेमल्या तर फीत कशावर कापू?"

गंमत म्हणजे मला त्यांचा राग आला नाही. मी पण निवडणुकीत दिसेल असंच बोललो होतो. मी म्हटलं, "छपरावर कापा. शिडी मी देतो."

ते हसले. पण नेहमीपेक्षा जरा लवकर उठले.

शुक्रवार, १९ एप्रिल

या वेळी कागद नेला नाही. उभा राहिलो. आधीच सांगून टाकलं, की काही झालं तरी बालवाडीच्या कामात आमच्या दुकानातला एक खिळाही जाणार नाही, म्हणजे कुणाच्या मनात शंका नको. धाकटा मागे लोकांच्या बाकावर बसला होता. त्यानं खाली मान घातली.

मग त्या मुलाचं सांगितलं. फरशी कशी बघत होतो, पाणी कुठून आलं, मुठी कशा होत्या. म्हटलं, "माझा सगळा जन्म फरशीत गेला. ती फरशी चांगलीच होती. पण त्या पोराला बाईंपर्यंत पोचता येत नव्हतं. इतकी माणसं हवीत की तो पोचला पाहिजे. मला एवढंच म्हणायचंय." आणि बसलो. आणखी मुद्दे होते, ते तसेच राहिले.

बेकरीवाला बोलला. नर्सबाई बोलल्या. वकीलसाहेब उठले तेव्हा मला धडकी भरली, ते तसे साहेबांचे. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "बूट घालायला वेळ लागतो, साहेब. वेळ द्यायला माणूस लागतो." बऱ्याच जणांना काही कळलं नाही.

साहेब चतुर आहेत. सभागृहाचा रंग पाहून त्यांनी स्वतःच दुरुस्ती मांडली. दोन ताया कायमच्या, मोठ्या बाईंसकट सगळ्यांना वाढीव पगार, ताईंना प्रशिक्षण, छप्पर आणि संडास यंदाच. इमारत पुढे बघू. वर म्हणाले, "माझ्या मनात पहिल्यापासून हेच होतं." ठराव मंजूर झाला. उद्याच्या पेपरात त्यांचाच फोटो येणार. येऊ दे.

बाहेर धाकटा उभा होता. म्हणाला, "एक खिळाही नाही म्हणजे जरा जास्तच झालं, दादा." मग थोडं चालल्यावर म्हणाला, "पण बोललास बरा." शटर आम्ही दोघांनी मिळून ओढलं.

मंगळवार, ३० एप्रिल

मोबाइलच्या दुकानात जाऊन जुन्या ताईला भेटलो. नव्या जागा निघाल्यात, परत येतेस का, विचारलं. तिनं बराच वेळ काचेवरचा डाग पुसला. "काका, दोन महिने आधी झालं असतं तर आलेच असते. आता इथे जम बसलाय, घरचं बघायचंय." मग तिनं तिघा-चौघा मुलांची चौकशी केली, प्रत्येकाला काय आवडतं, कोण कशाला घाबरतं, सगळं सांगितलं आणि म्हणाली, नव्या ताईंना एवढं सांगा. मी मोठ्या बाईंना सांगितलं. आम्हाला उशीर झाला, हे खरंच आहे. नाकारण्यात अर्थ नाही.

सोमवार, १० जून

आज दोन्ही ताया रुजू झाल्या. त्यातली एक ताई नव्हे, दादा आहे. आधी पोहायला शिकवायचा. पोरं त्याच्या खांद्यावर चढायला रांग लावून उभी होती.

मी सकाळीच गेलो. वाटलं, पहिला दिवस, धावपळ होईल, हाताशी माणूस असलेला बरा. पत्रा नवा, आत उजेड. एक गट पाण्याशी, एक गोष्टीच्या चटईवर, एक बाहेर अंगणात. एक मुलगा रडायला लागला तर त्याच्याजवळ लगेच कुणीतरी होतं, आणि बाकीच्यांचं काही अडलं नाही. मोठ्या बाई खुर्चीवर बसून चहा पीत होत्या. त्या बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

मी खुर्च्या सरळ करायला गेलो, तर कुणीतरी म्हणालं, त्या तशाच हव्यात. पाणी भरायला गेलो, ते भरलेलं होतं. एका पोरीनं मला वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं, तिची गाडी अडली होती.

शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही निघालात तरी चालेल हं. नवीन माणूस दिसलं की मुलं उगाच बावरतात."

ही गोष्टीच्या चटईवरून तोंड दाबून हसत होती. मी टोपी घातली आणि निघालो. वॉर्डात खड्ड्याची तक्रार घेऊन दोघंजण वाट बघत होते, आणि बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्याशी बोलत बोलत चालू लागलो. मागून पोरांचा गलका येत होता, आणि त्यात माझं काही काम नव्हतं. इतकं बरं मला खूप दिवसांत वाटलं नव्हतं.